साडेचार वर्षांची लेक, दहा दिवसांची रजा आणि परदेश: धावपळ न करता सुट्टी कशी आखावी?

सई_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात मला आणि नवऱ्याला एकदमच दहा दिवसांची रजा मिळतेय. लेक झाल्यापासून हे पहिल्यांदाच. ती साडेचार वर्षांची आहे. सोबत सासूबाई येणार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा आहे.

मागच्या वर्षी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर सहा दिवसांची सहल केली. सहा दिवसांत चार हॉटेलं. रोज सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, साडेसातला बस. चौथ्या दिवशी लेक नाश्त्याच्या टेबलावर डोकं ठेवून झोपून गेली, हातात अर्धा टोस्ट तसाच. बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून मी तिला तशीच उचलून बसमध्ये नेलं. बस सुटल्यावर पाहिलं तर तिच्या एकाच पायात सँडल. ती रडलीसुद्धा नाही, नुसती खिडकीकडे बघत राहिली. ते काही माझ्या मनातून जात नाही.

यंदा ठरवलंय की एकाच जागी राहायचं, फार तर दोन. छोटं स्वयंपाकघर हवं, म्हणजे वरण-भात लावता येईल. 'बघायलाच हवं' अशा जागा राहिल्या तरी चालतील. कुठे जावं? आणि दिवस कसा आखावा? ज्यांनी लहान मूल घेऊन असं केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

घाटवाट

वाचतोय. आमचा साडेतीनचा आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

निवृत्त_नाना

सई, स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. साडेचार वर्षांच्या मुलीला यातलं काहीही आठवणार नाही. परदेशाचे पैसे तिच्या नावाने ठेवा आणि आंजर्ल्याला जा. समुद्र आहे, वाळू आहे, उकडीचे मोदक आहेत, सासूबाईंना अंगणात खुर्ची टाकून बसता येईल. माझी दोन्ही मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावरच आम्ही बाहेरचा देश बघितला. त्यांना तो लख्ख आठवतो.

मीरा_पाषाण

नाना, तुमचा मान ठेवून असहमत. आठवण राहील म्हणून आपण मुलाला अंगाई म्हणत नाही ना? त्या दहा दिवसांत आई-बाबा दोघेही दिवसभर तिच्या वाट्याला येणार, हे काय कमी आहे!

आमचा अनुभव लिहिते. मुलगा पाच वर्षांचा असताना जपानला गेलो होतो. यादी मोठी होती. टोकियोत तीन दिवस फिरून पोरगं करवादलं, म्हणून पुढची दोन शहरं रद्द करून आम्ही कामाकुराला मुक्काम टाकला. तिथे एनोडेन नावाची छोटी रेल्वे आहे. १९०२ पासूनची, फुजिसावा ते कामाकुरा, जेमतेम १० किलोमीटर. घरांच्या परसातून जावी तशी जाते, माणसांची वाळत घातलेली कपडे-भांडी दिसतात. आमच्या घराजवळ तिचं फाटक होतं. गाडी यायच्या आधी तिथे घंटा वाजते, कान-कान-कान-कान. पोराला ते फाटक सापडलं आणि आमची सहल तिथेच थांबली. रोज सकाळी पाऊण तास फाटकावर. मी कॉफी घेऊन उभी, बाबा गाड्या मोजतायत. तिसऱ्या दिवशी एका चालकाने पांढऱ्या हातमोज्यातला हात हलवला. पोरगं दिवसभर जमिनीवर नव्हतं.

तिथली बुद्धाची मोठी मूर्ती आम्ही पाहिली, छान आहे. पण पोराच्या लेखी कामाकुरा म्हणजे फाटक.

सई, तुला उपयोगी पडेल असं: सहा वर्षांखालच्या मुलांना तिथे मोठ्यांसोबत रेल्वेचं तिकीट लागत नाही, आणि वेळ आपल्यापेक्षा फक्त साडेतीन तास पुढे आहे. शाकाहारी असाल तर मात्र जपून, कारण साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. आणि मेचा पहिला आठवडा टाळ. तेव्हा त्यांच्या सुट्ट्या लागून येतात आणि सगळीकडे तोबा गर्दी असते.

रोहन_वाकड

मला वाटतं आपण मुलांना उगाच नाजूक समजतो. आम्ही चार वर्षांच्या पोराला घेऊन १२ दिवसांत चार शहरं केली. तो मजेत होता. झोप गाडीत काढायचा. परत परत जाणं परवडत नाही हो, गेलोच आहोत तर बघून घ्यावं.

मीरा_पाषाण

रोहन, मुलं वेगवेगळी असतात, मान्य. पण सईने सँडलची गोष्ट लिहिलीय ती पुन्हा वाचा. तिला उत्तर तिथूनच द्यायला हवं.

आल्प्सवेडी

स्वित्झर्लंड! लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात आठ दिवस एकाच घरात राहिलो. त्या एका खोऱ्यात ७२ धबधबे आहेत म्हणतात. गावातला श्टाउबबाख जवळपास ३०० मीटरवरून पडतो आणि खिडकीतून दिसतो. वर वेंगेन नावाचं गाव आहे, तिथे मोटारी जातच नाहीत, दातेरी रुळांच्या रेल्वेने जायचं. लहान पोराला रस्त्यात मोकळं सोडता येण्याचं सुख पुण्यात राहणाऱ्या आईला वेगळं सांगायला नको.

पैशांचं म्हणाल तर सहा वर्षांखालच्या मुलांना रेल्वे फुकट, शेंगेन व्हिसाचं शुल्कही नाही, आणि बारा वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. मोठ्यांना मात्र ९० युरो शुल्क. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा मुलांसह सगळ्यांनाच लागतो.

आता अडचण. तुझा महिना मे आहे. तेव्हा दोन हंगामांच्या मधला काळ असतो, बरेच रोपवे देखभालीसाठी बंद असतात आणि उंचावरच्या पायवाटांवर बर्फ असतो. खोऱ्यात हिरवंगार असतं, पण 'वर' जायचं स्वप्न असेल तर जूनअखेर बरी. रविवारी गावातली दुकानं बंद, दूध शनिवारीच आणून ठेवावं. आणि तूप, पेढे, खव्याचं काहीही बॅगेत घालू नका, बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. आमच्या आईने दिलेला साजूक तुपाचा डबा आम्हाला टाकावा लागला. तिला अजून सांगितलेलं नाही.

पाणीपुरी_प्रेमी

साजूक तूप टाकावं लागलं हे वाचून पोटात कालवलं.

बालडॉक_औंध

मी मुलांची डॉक्टर आहे, आणि आईही. जागा कुठलीही निवडा, चार गोष्टी लिहिते.

कान. मुलं चढताना नाही, विमान उतरताना रडतात. विमान साधारण अर्धा तास आधीपासून खाली यायला लागतं. तेव्हा मूल झोपलं असेल तर उठवा आणि घोट घोट पाणी पाजत राहा. गिळलं की कान मोकळे होतात. सर्दी भरपूर असेल तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना कान दाखवून घ्या.

औषधं. तापाचं औषध वजनावर ठरतं, वयावर नाही. मुलाचं आजचं वजन करून डोस लिहून घ्या आणि ती चिठ्ठी, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग नेमकी ताप आलेल्या रात्रीच दुसऱ्या शहरात पोचते.

पाणी. हे मी दवाखान्यात रोज सांगते आणि इथेही सांगते. दंडाला लावायच्या फुगवायच्या पट्ट्या हे खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. घोट्याएवढं पाणी असलं तरी एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि त्या माणसाच्या हातात फोन नको.

चौथी गोष्ट जेट लॅगची. रोजची झोप बिघडली की दोन-तीन दिवस मूल आपलं राहत नाही. दहाच दिवस हातात असतील तर ज्या देशाचं घड्याळ आपल्या जवळ आहे तिथे जा. अमेरिका, ऑस्ट्रेलिया नंतर कधीतरी.

त्रिंको_फॅन

डॉक्टरताईंच्या शेवटच्या मुद्द्यावरून: श्रीलंकेचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच आहे. मुंबईहून विमान अडीच तासांच्या आसपास. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो देश मलेरियामुक्त जाहीर केला. डेंग्यू मात्र आहे, तेव्हा डासांचं मलम हवंच.

लोक सरसकट दक्षिण किनाऱ्याला, गॉल-मिरिसाला जातात. ते डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तम. मेअखेर तिकडे नैऋत्य मोसमी पाऊस पोचतो आणि समुद्र खवळायला लागतो. मे असेल तर पूर्वेला, त्रिंकोमालीजवळ उप्पुवेली किंवा निलावेलीला जा. तेव्हा तिथलं पाणी शांत असतं. आमची लेक रोज सकाळी ओली वाळू बादलीत भरून 'इडल्या' पाडायची. संध्याकाळी म्हशीच्या दुधाचं घट्ट दही मडक्यात, वर माडाच्या जातीच्या कितुल झाडाचा पाक. काकवी आवडणाऱ्या मुलाला दुसरं काही लागत नाही.

एकच त्रास आहे. कोलंबो विमानतळ पश्चिमेला आणि त्रिंकोमाली पूर्वेला, सगळा देश आडवा कापून जायचं. मध्ये हबरणाला रात्र काढा, एका दमात करू नका. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तरी.

फुटाणे_मॅडम

अवांतर, पण पासपोर्ट तपासलास का सई? लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. आम्ही मुलीचा चौथ्या महिन्यात काढला होता. तिकीट काढायच्या आदल्या रात्री बघितलं तर मुदतीला तीन महिने उरलेले, आणि बहुतेक देशांना सहा महिने लागतात. मग मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ मिळवणं, दोघा पालकांच्या सहीचा 'अ‍ॅनेक्श्चर डी' हा फॉर्म, अर्धी रजा. लेकीने तिथल्या बाकांवर सगळ्या टोकन नंबरांचं मोठ्याने वाचन करून आजूबाजूच्यांना झोपू दिलं नाही.

सई_कर्वेनगर

फुटाणे मॅडम, तुमचे आभार कसे मानू! आत्ता कपाट उघडून पाहिलं. जुलैपर्यंतच आहे. म्हणजे आधी मुंढवा. लगेच वेळ घेते.

बाकी सगळं वहीत उतरवतेय. नाना, राग अजिबात नाही. आंजर्लं आम्हालाही प्रिय आहे. पण सासूबाई आजवर विमानात बसलेल्या नाहीत, आणि नात शेजारच्या सीटवर असताना बसायचं अशी त्यांची इच्छा आहे.

निवृत्त_नाना

हे आधी सांगायला हवं होतंस. मग आंजर्लं पुढच्या वर्षी.

मोका_ते_मुंढवा

उशिरा आले, पण मॉरिशसबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मी तिथे दोन वर्षं होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. माझा मुलगा तेव्हा तीन ते पाच वर्षांचा होता, म्हणून मोठा प्रतिसाद लिहितेय.

मुंबईहून थेट विमान आहे, सव्वासहा तासांच्या आसपास. आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण दाखवावं लागतं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. याचा अर्थ असा की इथे सातला उठणारं मूल तिथे साडेपाचला टक्क जागं होतं. भांडू नका त्याच्याशी. मेमध्ये साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, त्याआधी अंगावर शाल घेऊन किनाऱ्यावर जा. ती वेळ फक्त तुमची आणि कोळ्यांची असते. संध्याकाळी पावणेसहाला सूर्य मावळतो, साडेसातला मूल झोपतं, मग तुम्ही दोघं व्हरांड्यात.

बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे बऱ्याच किनाऱ्यांवर लाटा बाहेरच फुटतात आणि आत पाणी तळ्यासारखं निवांत. नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो, मेमध्ये तो सरत आलेला असतो. थंडीच्या महिन्यांत वारा आग्नेयेकडून वाहतो, म्हणून पूर्व-दक्षिण किनारा सोडून उत्तर किंवा पश्चिम धर. मी माँ श्वाझी सांगेन. लांबलचक किनारा आणि त्याला लागून सुरूचं बन. अगदी आपल्या कोकणातलं सुरूचं बन! नाना, तुम्हाला तिथे परकं वाटणारच नाही.

खाणं. रस्त्याच्या कडेला काचेच्या पेटीत 'ढोल पुरी' मिळते. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, वाटून पोळीत भरलेली, म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच. दोन पोळ्यांची जोडी कागदात गुंडाळून देतात. मिरचीचा ठेचा लावतात, म्हणून मुलासाठी 'सां पिमां' म्हणायचं, मिरचीशिवाय. सासूबाई डाळीचा वास घेऊन स्वतःच ओळखतील.

तिथे मराठी लोक आहेत, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज. शाळांमधून मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. माझ्या भाजीवालीने एकदा माझं आडनाव विचारलं आणि तिचंही तेच निघालं. आम्ही दोघी कोबीच्या ढिगाऱ्यापलीकडून एकमेकींचे हात धरून उभ्या होतो.

आता फिरण्याबद्दल. आठवड्यात दोनच बाहेरचे कार्यक्रम ठेव. एक पांप्लमूसची बाग, जिथे तळ्यात परातीएवढी, काठ वर वळलेली कमळाची पानं आहेत आणि मोठी कासवंही. दुसरा सासूबाईंसाठी गंगा तलाव, तिथल्या हिंदूंचं तीर्थ. बाकी दिवस रिकामे. रिकामा दिवस मोकळा सोडणं सगळ्यात अवघड जातं, हे आधीच सांगते. दुपारी तीनला तुझा नवरा फोनवर 'जवळपास काय आहे' शोधायला लागेल. शोधू देऊ नकोस.

मुलाचं जग आपल्यासारखं नसतं गं. आपल्याला नवं हवं असतं, त्याला तेच हवं असतं. तोच बाक, तोच कुत्रा, तोच ढोल पुरीवाला. दुसऱ्यांदा गेल्यावर ती जागा त्याची होते. म्हणून एकाच गावात राहायचं.

धोका एक: उथळ पाण्यात दगडांत स्टोनफिश आणि काटेरी समुद्री अर्चिन असतात. पाण्यात चालायचे रबरी बूट सगळ्यांना हवेत, आजीलासुद्धा.

घाटवाट

हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतोय. भाजीवालीचं वाचून अंगावर काटा आला.

वेळणेश्वर

एक सुचवतो, आम्ही केलं होतं. आधी रंगीत तालीम करा. मार्चमध्ये एखादा जोडून सुट्टीचा शनिवार-रविवार पकडून कोकणात तीन रात्री एकाच घरात राहा. गाडी हलवायची नाही. त्यात कळतं की मूल नव्या जागी कितीला झोपतं, दुपारी किती वाजता करवादतं, आजीला किती पायऱ्या झेपतात. आमच्या तालमीत कळलं की पोरगा अनोळखी संडासात बसतच नाही. घरची छोटी सीट मग आम्ही थेट बालीला नेली. परदेशात पहिल्या दिवशी कळलं असतं तर हाल होते.

यात नानांचं आंजर्लंही होऊन जाईल.

रोहन_वाकड

मी आधी जे लिहिलं ते थोडं मागे घेतो. काल मुलाला सहज विचारलं की त्या सहलीत काय आवडलं. म्हणाला, 'हॉटेलच्या लिफ्टमधला आरसा.' चार शहरं फिरवलं होतं त्याला. बायको आणि मी बराच वेळ त्यावर बोलत बसलो.

डेक्कन_क्वीनची_सीट

पुण्यातून मुंबई विमानतळ हा प्रवास कोणी धरत नाही आणि निम्मी मुलं खंडाळ्याच्या घाटातच गळपटतात. रात्री बाराला टॅक्सी, झोपेतून उठवलेलं मूल, वळणं, उलटी, मग विमानतळावर तीन तास. त्यापेक्षा आदल्या दिवशी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने दादरला उतरा आणि रात्र मुंबईत नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळ काढा. सुट्टी पुणे स्टेशनवरच सुरू होते. बॅगा मात्र उचलता येतील एवढ्याच हव्यात.

बालडॉक_औंध

याला अनुमोदन. गाडीनेच जायचं असेल तर निघण्याआधी हलकं खाणं द्या, दूध नको, आणि घाटात मुलाला पुस्तक-फोन न देता समोर लांबवर बघायला लावा.

सई_कर्वेनगर

ठरलं! पासपोर्टचं काम झालं. माँ श्वाझीजवळ तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, नऊ रात्री. तालीम आंजर्ल्याला झाली. तिथे कळलं की लेक दुपारी दीडला झोपली नाही तर चारनंतर कोणाचीच धडगत नाही. म्हणून सगळं सकाळी साडेअकरापर्यंत आटपायचं.

नवऱ्याने सातव्या दिवशी दुसऱ्या टोकाला जायचा कार्यक्रम घातला होता. मी हा धागा त्याला वाचायला दिला. त्याने स्वतःच खोडला.

सई_कर्वेनगर

जूनमध्ये परत लिहितेय. मॉरिशसहून आलो.

पहिले दोन दिवस जड गेले. लेक 'घरी चला' म्हणत होती, आणि तिसऱ्या दिवशी पाऊस. मला वाटलं, चुकलंच आपलं. चौथ्या सकाळी सुरूच्या बनात तिला ती छोटी काटेरी फळं सापडली आणि तिने एका बाकाखाली त्यांचं दुकान मांडलं. पुढचे पाच दिवस आम्ही रोज त्याच बाकावर. सासूबाई गिऱ्हाईक, बाबा हमाल. निघताना फळं बरोबर न्यायची होती, पण झाडाचं काही विमानातून न्यायचं नाही म्हणून समजावलं. तिने ती सगळी बाकाखाली नीट ओळीत लावून ठेवली.

सासूबाईंनी ढोल पुरीच्या गाडीपाशी उभं राहून त्या बाईला पोळी लाटताना बघितलं. भाषा येत नव्हती. दोघी हातांनी बोलत होत्या, पीठ किती सैल भिजवायचं ते. पांप्लमूसची पानं बघून त्या म्हणाल्या, 'यात दहा माणसांची कणीक मळून होईल.' गंगा तलाव राहिला. गाडी ठरवली होती, पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, 'आज दुकान उघडायचंय ना?'

मोका_ते_मुंढवा, पाण्यातले बूट पुण्यातूनच घेऊन गेलो आणि बरं झालं, एक अर्चिन आजीच्या पायाखालीच आला होता.

नाना, तुम्ही म्हणाला होतात, तिला काहीही आठवणार नाही. पुढचं माहीत नाही. सध्या घरी कोणी आलं की लेक गॅलरीतल्या स्टुलामागे उभी राहून कागदात पोळी गुंडाळते आणि विचारते, 'तिखट की सां पिमां?'

निवृत्त_नाना

माझी एक जोडी, सां पिमां.

आणि तळमजल्याचं घर ठरवताना घरमालकाला नेमकं काय काय विचारलंत ते लिही. पायऱ्या, बाथरूममध्ये धरायला दांडा, गॅस की विजेची शेगडी. धाकट्याचा मुलगा तीन वर्षांचा आहे, दिवाळीनंतर आम्हा दोघांना बरोबर घेऊन जायचं म्हणतोय. आमच्या हिचेही गुडघे तुझ्या सासूबाईंसारखेच आहेत.